मध्ये बोलायचं नाही

मॅडमच्या खोलीचं दार बंद होऊन चार दिवस झाले होते, आणि तेवढ्यात या घरात इतक्या प्रार्थना झाल्या होत्या की देवाची बाकीची कामं नक्कीच खोळंबली असणार.

एकाच घरातली चार माणसं चार कोपऱ्यांत बसून एकमेकांना फोन करत होती. मॅडम मागच्या खोलीत, कारण रिपोर्ट पॉझिटिव्ह त्यांचा. थोरला मुलगा गॅलरीत, कारण चष्म्याचं दुकान बंद, आणि घरात जिथे कोणी नसेल तिथे जाऊन बसायची त्याची सवय लहानपणापासूनची. सून स्वयंपाकघरात, कारण तिला कुठे बसायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि हॉलभर ताई. ताई दोन दिवसांसाठी एक बॅग घेऊन आईकडे आली होती, तेवढ्यात रस्ते बंद झाले. त्याला आता सात आठवडे होऊन गेले. ताई याला प्रभूची योजना म्हणायची. सुनेचं या योजनेबद्दल स्वतःचं मत होतं, पण ते तिने अजून जाहीर केलं नव्हतं.

या घरात नियम पुष्कळ होते, पण सगळ्यांत वरचा एकच: प्रार्थना सुरू झाली की आमेनपर्यंत मध्ये बोलायचं नाही. दूध उतू जाऊ दे, दारावर कोणी येऊ दे, डोळे मिटायचे आणि तोंडही. नियम मॅडमनी घातलेला. बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईने घातलेला नियम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. पोटची मुलंसुद्धा, फक्त पाठीमागे.

आता झालं काय, की ज्याला मनातलं बोलून घ्यायचं असेल आणि उलट उत्तर नको असेल, तो या घरात सरळ प्रार्थनाच सुरू करायचा. आपल्या हाताला मीठ जास्त आहे हे सुनेला लग्नानंतर चौथ्या दिवशी देवामार्फतच कळलं होतं.

त्या सकाळी सगळे फोनवर जमल्यावर ताईने तोफ डागली.

"हे दयाळू पित्या," ताई म्हणाली. आवाज चर्चच्या गायनमंडळातला, खणखणीत. "जे लोक दिवसभर लॅबमध्ये परक्यांचं रक्त काढतात आणि तेच हात घेऊन घरी येतात, त्यांना तू जबाबदारीची जाणीव दे. आमची आई म्हातारी आहे. हा रोग तिच्यापर्यंत कोणी आणला ते तुला ठाऊक आहे, प्रभू. आम्ही नाव घेत नाही. आमेन."

लॅबमध्ये रक्त काढायचं काम घरात एकच माणूस करत होतं. पोहे निवडताना सापडलेला खडा बाजूला ठेवावा तशा शांतपणे सुनेने हातातला डबा ओट्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

"हे पित्या, मी तर घरात शिरताना अंघोळ करूनच शिरते, हे तू बघतोसच. पण जे लोक गेल्या आठवड्यात कंटाळा आला म्हणून शेजारच्या बाईंकडे दोन तास गप्पा मारायला गेले, मास्क हनुवटीवर ठेवून, त्यांनाही तू आठवणीत ठेव. आम्हीही नाव घेत नाही. आमेन."

गॅलरीतून थोरल्याने दोन्हीकडे आमेन म्हटलं. तो कायम दोन्हीकडे आमेन म्हणायचा.

फोनच्या पडद्यावर त्या चौघांशिवाय पाचवा चौकोन होता. त्यात चेहरा नव्हता, नुसतं नाव: वॉशिंग मशीन रिपेअर, घरपोच सेवा.

"दादा, हे कोण रोज येतं?" ताईने विचारलं.

"मंडळीतलं असेल कोणीतरी," थोरला म्हणाला. "प्रार्थनेला कोणाला नाही कसं म्हणायचं?"

सुनेने नवऱ्याच्या आवाजातला अडखळलेपणा ऐकला आणि विषय वाढवला नाही. चौदा वर्षांत तिला एवढं कळलं होतं, की हा माणूस खोटं बोलतो तेव्हा नेहमी काहीतरी चांगलंच करत असतो, आणि म्हणूनच त्याला ते धड जमत नाही.

*

संध्याकाळी साडेपाचला सून दोन मास्क, ग्लोव्हज आणि डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घालून मागच्या खोलीत शिरली. मॅडम पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, चष्मा लावलेला, मांडीवर बायबल उघडं. चार दिवसांच्या तापानंतरही बाई तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बसावं तशी बसली होती.

"बोट द्या, आई."

"सकाळी दिलं होतं."

"ते सकाळचं होतं."

ऑक्सिजन मोजायच्या यंत्राने जरा वेळ घेतला आणि नव्वद दाखवलं. सुनेने बोट बदलून बघितलं. एकोणनव्वद.

"पास का नापास?" मॅडमनी विचारलं. वाक्य तीन शब्दांचं, पण मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.

"नापास," सून म्हणाली. "आई, मी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांशी बोललेय मी. आमच्या लॅबच्या ओळखीने एक बेड मिळतोय, ऑक्सिजनचा. साडेसातपर्यंत धरून ठेवतील. साडेसात म्हणजे साडेसात. त्यानंतर रांगेतला पुढचा. शहरात दुसरा बेड नाहीये."

"सातला प्रार्थना आहे."

"प्रार्थना गाडीत करू."

"गाडीत मी प्रार्थना करत नाही," मॅडम म्हणाल्या. "सातची झाली की बघू."

"आई, तुमची प्रार्थना कधी वीस मिनिटांच्या आत आटपलीय?"

मॅडमनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. या नजरेने शाळेतल्या तीन पिढ्या गार झाल्या होत्या. सून गार झाली नाही, तिला घाम फुटला होता प्लॅस्टिकच्या टोपीत.

"तू माझ्याशी अशी बोलतेस," मॅडम म्हणाल्या, "आणि तरी रोज तूच आत येतेस. माझी पोरं दारातून विचारतात."

"कोणीतरी यायला हवं ना."

"हं. बॅग भर. पण सात म्हणजे सात."

एवढीच कबुली. सुनेने बाहेर येऊन ग्लोव्हज काढले, हात कोपरापर्यंत धुतले, आणि मग पहिल्यांदाच तिला रडू आलं. सासूबाईंशी चौदा वर्षं तिचं कधी पटलं नव्हतं, आणि ही बाई जायला नको असं तिला मनापासून वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात याचा तिला रागही आला.

*

ॲम्ब्युलन्सवाल्याने सांगितलं, अडीच तास. दुसऱ्याने फोन उचलला नाही. थोरल्याकडे स्कूटर होती. एकोणनव्वदवर आलेल्या आईला स्कूटरवर कसं बसवायचं, याचा त्याने खरोखर दोन मिनिटं विचार केला. घाबरला की तो असाच विचार करायचा.

मग त्याने गॅलरीचं दार लावून धाकट्या भावाला फोन केला.

नऊ वर्षांपूर्वीची ती रविवारची संध्याकाळ या घरात कोणी बोलून दाखवत नसे. जेवणाआधी पप्पांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, जरा दाबल्यासारखं वाटतंय. मॅडम म्हणाल्या, आधी प्रार्थना करू. सगळे गोल बसले, डोळे मिटले. मॅडमची प्रार्थना पंचवीस मिनिटं चालली. पप्पा आमेन म्हणालेच नाहीत. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दफनविधीनंतर, सगळ्या मंडळीसमोर, धाकटा आईला म्हणाला, "तुझ्या प्रार्थनेने मारलं त्यांना." पुढच्या रविवारी मॅडमनी याच हॉलमध्ये डोळे मिटून देवाला सांगितलं, की ज्याला या घरातली प्रार्थना खुपते त्याला तू या घरापासून लांब ठेव. सगळ्यांनी आमेन म्हटलं. ताईने जरा मोठ्यानेच. धाकट्याने बूट घातले आणि तो गेला.

झालं. देवाच्या दप्तरी अर्ज दाखल, खाली घरच्यांची साक्ष. आता तो मागे कोण घेणार? मॅडमनी बत्तीस वर्षांत एकही आदेश मागे घेतला नव्हता. धाकटाही त्यांचाच मुलगा होता. थोरला मधल्या मध्ये नऊ वर्षं दोघांच्या तब्येती एकमेकांना कळवत होता, दोघांनीही विचारलेलं नसताना. सात आठवड्यांपूर्वी त्याने घरच्या प्रार्थनेची लिंक गुपचूप धाकट्याला पाठवली, आणि धाकटा रोज येऊ लागला, आवाज बंद, चेहरा बंद.

"किती आहे?" फोनवर धाकट्याने विचारलं.

"एकोणनव्वद."

"मी गाडी आणतो. मशीन उतरवून ठेवतो, मागे गादी टाकतो. पाऊण तासात खाली असेन."

"ती सातच्या प्रार्थनेनंतरच निघणार म्हणते."

पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"आणि तुझी गाडी आहे हे तिला सांगितलेलं नाही मी," थोरला म्हणाला. "सांगितलं तर ती..."

"सांगू नकोस," धाकटा म्हणाला. "दादा, या वेळी तू तिला थांबव."

"हो," थोरला म्हणाला. त्याला तो शब्द देताना स्वतःचंच हसू आलं.

*

सातला मॅडमनी सुरुवात केली.

"हे... स्वर्गीय पित्या."

त्यांनी पाळकांसाठी मागितलं. मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी मागितलं, नावानिशी. मग जुन्या शिक्षकांसाठी. प्रत्येक नावानंतर श्वास, आणि तो श्वास फोनमधून चारही कोपऱ्यांत ऐकू येत होता. कोणी पुढचं वाक्य पुरं करायला धजत नव्हतं, आणि मॅडम थांबत नव्हत्या.

त्यांना कळत होतं त्या काय करताहेत. शाळेत त्या सांगायच्या, परीक्षेत उत्तर येत नसलं की पोरं समास आखत बसतात. नावं म्हणजे समास. जोपर्यंत ही यादी चालू आहे तोपर्यंत कोणी आपल्याला उठवू शकत नाही, हॉस्पिटलात नेऊ शकत नाही, आणि ते एक वाक्य म्हणायची पाळी येत नाही. नऊ वर्षं त्यांनी सगळ्या जगासाठी दया मागितली होती आणि स्वतःसाठी एकदाही नाही. दया मागायची तर कशाबद्दल ते सांगावं लागतं. कारणाशिवाय आलेला अर्ज त्या स्वतःसुद्धा परत पाठवायच्या.

सात वाजून नऊ मिनिटं. सून दाराच्या फटीतून आत बघत होती. मॅडमच्या बोटाला यंत्र तसंच होतं. सत्त्याऐंशी. तिने गॅलरीकडे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हणाली, बोला.

थोरल्याने तोंड उघडलं. पन्नाशीला आलेला माणूस, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर सांगणारा. आई, एवढा दोन अक्षरी शब्द म्हणायचा होता. त्याने तोंड पुन्हा मिटलं.

"शाळेचा शिपाई..." मॅडम म्हणत होत्या, "त्याची... बायको..."

शिपाई अकरा वर्षांपूर्वी गेला होता. ताईच्या ते लक्षात आलं, आणि तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

तेवढ्यात पाचव्या चौकोनातून आवाज आला.

"आई, पुरे आता."

मॅडमची यादी थांबली. मॅडमचा श्वास तेवढा चालू होता.

"प्रार्थना चालू आहे," ताई म्हणाली. आवाज कोणाचा हे कळायच्या आधीच तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं.

"ताई, तुम्ही चालू ठेवा," सून दार उघडत म्हणाली. "आम्ही आईंना घेऊन निघतो."

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं. त्यांना पहिल्या शब्दालाच कळलं होतं.

"मी. खाली गाडी घेऊन उभा आहे. तू ये म्हण किंवा नको म्हण, मी वर येतोय. आणि मी आलो की देवाला जे सांगायचं ते सांग, मी मध्येच बोलणार आहे."

मॅडमनी फोनकडे बघितलं. सुनेला वाटलं, आता ही बाई प्रार्थना पुढे सुरू करणार आणि आपल्यालाच हिच्या तोंडावर हात ठेवावा लागणार. तिची तयारी झाली होती.

"माझ्या चपला," मॅडम म्हणाल्या.

*

जिना अरुंद, लिफ्ट नाही. त्यांना खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं. धाकटा खालून धरणार, थोरला वरून. धाकटा दारात आला तेव्हा तोंडावर मास्क, कपाळावर घाम, आणि केस पांढरे. मुलगा पांढरा झालेला मॅडमनी पहिल्यांदाच पाहिला. ताई हॉलच्या कोपऱ्यात उभी होती. मग तीच पुढे झाली, बॅग उचलली, आणि हॉस्पिटलात फोन लावून खणखणीत आवाजात म्हणाली, "पेशंट निघालाय, बेड कोणाला दिलात तर बघा." गायनमंडळाचा तेवढा उपयोग झाला.

पहिल्या वळणावर थोरल्याचे हात भरून आले. खुर्ची टेकवावी लागली.

"दहा सेकंद," थोरला म्हणाला. "फक्त दहा."

धाकटा एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे त्याचं तोंड आईच्या तोंडासमोर होतं. नजर चुकवायला जागाच नव्हती.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी माझे डोळे उघडे होते."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तू प्रार्थना करत होतीस आणि मी पप्पांकडे बघत होतो. घाम सुटला होता त्यांना, ओठ निळे पडत होते. मला दिसत होतं. मी मध्ये बोललो नाही. पंचवीस मिनिटं बोललो नाही. मग सगळं तुझ्यावर टाकून मोकळा झालो."

थोरला वरून हळूच म्हणाला, "माझे खरंच मिटलेले होते."

याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

मॅडमनी श्वास गोळा केला. वेळ लागला.

"माझेही... उघडे होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला. "दिसत होतं."

"मला वाटलं... आमेनपर्यंत... थांबतील."

धाकट्याने मनगटाने डोळे पुसले. सून दोन पायऱ्या वर हातात ते यंत्र घेऊन उभी होती, आणि वेळ होतोय हे म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

"सगळ्यांसमोर बोललो मी तुला," धाकटा म्हणाला. "तुला ते बोललो, आणि स्वतःचं लपवलं."

मॅडमनी हात उचलला. चार दिवस त्या हाताला ग्लोव्हजशिवाय कोणाचा स्पर्श नव्हता. सून नको म्हणेपर्यंत तो त्याच्या डोक्यावर गेला होता.

"लहान होतास तू," त्या म्हणाल्या.

"आई, मी एकतीस वर्षांचा होतो."

"तेच म्हणते मी," मॅडम म्हणाल्या. "लहान होतास. उचला आता."